पश्चिमेच्या भिंतीचं औषध

आधीच सांगते, माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते दूधवाल्याचे खाडे लिहिण्यापुरतं. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण वाचलंच कुणी तर चुका पोटात घालाव्यात. बोलायला मला जड जातं. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. कागदावर निघतो का ते बघते.

गोष्ट आमच्या मागच्या खोलीच्या भिंतीची आहे.

देवळाली कॅम्प मागे टाकलं की वस्ती विरळ होते, तिथे आमचं घर. यांनी ते जमेल तसं बांधलं. समोरून गिलावा, रंग, सगळं केलं. मागच्या खोलीची पश्चिमेची भिंत मात्र बाहेरून उघड्या विटांचीच ठेवली. शेजारचा प्लॉट बांधला गेला की भिंतीला भिंत लागेल, खिडकीही बुजेल, मग गिलाव्याचा खर्च कशाला, असं यांचं म्हणणं. तो प्लॉट काही बांधला गेला नाही. तिथे गवत वाढतं आणि म्हशी चरतात. पाऊस येतो तोही त्याच बाजूने, वाऱ्याबरोबर आडवा, आणि विटा तो पोटभर पितात.

आषाढात भिंतीला आतून काळे डाग यायचे. श्रावणात पोपडे. पेटीतल्या साड्यांना कुबट वास. पाऊस संपला तरी सुटका नव्हती. मी गोधड्या शिवून देते, तेव्हा कापडाचं मला थोडं कळतं. ओलं लुगडं अंगावरच वाळवलं तर ऊन असलं तरी हुडहुडी भरते. भिंतीचं तसंच होतं. ती थंडीभर वाळत राहायची आणि खोलीतली ऊब ओढून घ्यायची. त्या खोलीत झोपायचं तर तीन गोधड्या लागत.

आम्ही दरवर्षी आतूनच इलाज करायचो. एकदा पुट्टी, एकदा महागाचा रंग, एकदा थर्माकोलचे तक्ते. तक्त्यांच्या मागे भिंत आणखीनच काळी झाली. मला वाटायचं दुकानदार खोटा माल देतो. यांना वाटायचं गवंडी चोर आहे. पाणी बाहेरून येतं, हे कुणी बोललं नाही.

मग लेकीला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. दिवस भरणार ते ऐन थंडीत. बाकीच्या दोन खोल्या म्हणजे एक स्वयंपाकाची आणि एक रस्त्यावर उघडणारी, त्यामुळे बाळंतिणीला मागचीच द्यावी लागणार. लेकीचं सासर निफाडकडे, द्राक्षाच्या गावात. विहीणबाई लग्नानंतर एकदा आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा त्या भिंतीवर बोट फिरवून, बोटाचा वास घेऊन म्हणाल्या होत्या, "तुमची भिंत घाम गाळती का वो?" ते त्या विसरल्या नव्हत्या.

लेकीचा फोन आला. "आई, सासूबाई म्हणतात, खोली कोरडी असेल तर पाठवते. नसेल तर इथंच ठेवते."

"मग राहशील तिथे?"

"हंगामाचे दिवस असतील. घरात चाळीस मजूर जेवायला. कुठे पडू मी?" तिचा आवाज बारीक झाला. "आई, काहीतरी कर ना."

चार दिवसांनी तिने पैसे पाठवले. भिंत करून घे म्हणाली, आणि यांना सांगू नको. लेकीचे पैसे घेणं मला पटलं नाही. बाळ घेऊन जाशील त्याच्या आत सगळे फेडीन, असं बजावून घेतले. यांना गोधड्यांचे साठलेले म्हणून सांगितलं.

कॅम्पच्या बाजारातल्या रंगाच्या दुकानातून एक माणूस आला. ओलीचीच कामं करायचा. खिशात दोन मोबाईल आणि तोंडात सतत काहीतरी. मला तो पहिल्या दिवसापासून पटला नाही. भिंत बाहेरून बघितली, किल्लीने विटांमधला चुरा खरवडला आणि म्हणाला, "ताई, आत एक पैसा लावू नका. आधी बाहेरून दर्जा भरू, विटांमधल्या फटी. मग भिंत वाळू द्यायची. मग औषध मारू."

"कसलं औषध?" हे विचारलं यांनी. मी दाराआड होते.

"पाणी धरत नाही असं. रंग नाही, काही नाही. मारलं की दिसणारच नाही."

"दिसणार नाही त्याचे पैसे घेणार?"

"साहेब, दिसलं तर खोटं समजा."

हे हसले. मला हसू आलं नाही. न दिसणाऱ्या मालाचे आगाऊ पैसे देऊन बसलेली मीच.

विटांमधल्या भेगा त्याने नव्या मालाने भरल्या, ते काम डोळ्यांना दिसत होतं म्हणून मी गप्प होते. पण औषधाचा कॅन आला त्या दिवशी मी मागच्या दारात तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच परत निवडले. कॅनमधून पातळ ताकासारखं काहीतरी निघालं. भिंतीवर फासलं की थोडा वेळ पांढरं दिसायचं, मग नाहीसं. तो चहाला गेला तेव्हा मी वाटीत जरा घेतलं, एका अर्ध्या विटेला चोपडलं आणि ती वीट पाण्याच्या टाकीमागे दडवली.

दुसऱ्या दिवशी तिच्यावर पाणी टाकलं. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळलं. वीट कोरडी.

तरी मनातलं जाईना. वाटीतलं खरं होतं, पण भिंतीवरच्यात त्याने पाणी घातलं नसेल कशावरून?

त्यात यांनी गोंधळ घातला. हे पिकअप चालवतात, बागांतला माल पंचवटीच्या मार्केटला पोचवतात. ब्रशने फार वेळ लागतोय म्हणून यांनी ओळखीच्या द्राक्ष बागायतदाराकडून पाठीवरचा फवारणी पंप आणला. औषध मारायचं म्हटल्यावर यांच्या डोक्यात दुसरं काय येणार! औषध मारणारा तो माणूस म्हणाला, पंप स्वच्छ धुतलाय ना? हे म्हणाले, धुतलाय. खिडकीच्या वरचा तुकडा फवारून झाला आणि दुपारपर्यंत तिथे निळी झाक आली. पंपाच्या नळीत द्राक्षावर मारायचा मोरचूद राहिला होता.

रस्त्यावरून जाणारा एक जण थांबून म्हणाला, "काय राव, भिंतीला द्राक्षासारखी भुरी लागली काय?"

"लागली. आता घड मोजायला या," हे म्हणाले.

पंप परत गेला. बाकीचं ब्रशनेच झालं. निळा तुकडा तसाच राहिला. हीच गंमत यांनी फोनवर विहीणबाईंना सांगितली. पंपाने औषध मारलं, मोरचूद काय, निळी भिंत काय, सगळं रंगवून. पलीकडून हसण्याचा आवाज आला नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. ती रडत होती. "सासूबाई म्हणतात, औषध मारलेल्या बागेत आम्ही पोरं जाऊ देत नाही, आणि हे लोक औषध मारलेल्या खोलीत बाळंतीण निजवणार? नाही पाठवायचं म्हणतात."

द्राक्षाच्या गावात औषध या शब्दाला काय वजन आहे ते मला माहीत होतं. तिथे औषध घेतलं म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. त्या माणसाने दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर चाललं असतं. मला इतके दिवस धास्ती होती की ते नुसतं पाणी आहे, आणि विहीणबाईंना वाटत होतं की ते विष आहे.

मग मी एक ठरवलं आणि कुणाला सांगितलं नाही. माझं अंथरूण मागच्या खोलीत हलवलं. उशाशी भिंत. काही बाधायचंच असेल तर आधी मला बाधू दे. कोपऱ्यात वाटीत खडे मीठ ठेवलं, ओल असली तर त्याला पाणी सुटेल म्हणून. पाऊस सुरू झाला. सकाळी उठले की आधी तळहात भिंतीला लावायचा, मग मिठाकडे बघायचं, मग चूळ भरायची. हे विचारायचे, "काय म्हणते भिंत?" मी मिठाची वाटी परत कोपऱ्यात सरकवायचे.

श्रावण लागायच्या आत खिडकीखाली ओल आली. ताटाएवढी.

तेव्हा मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतेच. त्या माणसाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला, बंद. यांना म्हटलं, पळाला. हे म्हणाले, "अगं, काम असेल." मी म्हटलं, पैसे घेतल्यावर सगळ्यांना काम असतं.

तो तिसऱ्या दिवशी आपणहून आला. मनमाडला काम होतं, फोन पाण्यात पडला, म्हणाला. माझा विश्वास बसला नाही. त्याने बाहेरून खिडकीच्या उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बाहेर न पडता आत चौकटीकडे वळलं आणि तिथेच साचलं.

"ताई, हा उतार उलटा आहे. हे औषधानं थांबत नाही." मग टाकीमागे बघत म्हणाला, "तुमच्या विटेला उतार नव्हता, म्हणून ती पास झाली."

माझा चेहरा गरम झाला. त्याला वीट केव्हापासून माहीत होती कोण जाणे. पाऊस उघडल्यावर त्याने उंबऱ्याला बाहेरून उतार काढून दिला आणि पैसे घेतले नाहीत. पैसे का घेतले नाहीत, याचा मी आणखी चार दिवस विचार करत बसले.

ओल वाळली. परत आली नाही. परतीचा पाऊस दोन दिवस त्या भिंतीला झोडपत होता तेव्हा मी मिठाची वाटी हलवून बघितली. खडे खुळखुळले.

मी लेकीला सांगितलं, तिने सासूला. सासू ऐकेना. मग दिवाळी झाल्यावर, थंडी चांगली पडली तेव्हा, विहीणबाई स्वतःच आल्या. एकट्या, बसने. हातात पिशवी. चहा घेतला नाही, थेट भिंतीमागे गेल्या. निळ्या तुकड्याखाली उभ्या राहिल्या.

"हा मोरचूदच हाय."

"हो," मी म्हटलं. "पण तो पंपातला. बाहेरच्या बाजूला, तेवढ्यातच."

"मग खरवडा त्याला."

"नको. खरवडलं तर खालचा लेप जाईल, तिथून पाणी शिरेल."

मी त्यांना उलट बोलले होते. माझंच मला नवल वाटलं. लेप हा शब्द कुठून आला तेही माहीत नाही, पण औषध म्हणायला जीभ वळली नाही. तांब्या आणून भिंतीवर पाणी मारलं. पाण्याचे मणी होऊन खाली पडले. विहीणबाईंनी वाकून ते बघितले, मग भिंतीला नाक लावलं.

"वास तर नाय येत," म्हणाल्या. "पर इषाला वास असतोच असं नाय."

"मी आषाढापासून इथेच झोपते, विहीणबाई. भिंतीला लागून. खोकलाही आला नाही."

त्यांनी भिंतीपासून मान वळवली. "कुणी सांगितलं झोपाया?"

"कुणी नाही."

"हं," म्हणाल्या. "मंग आज मी झोपते."

माझ्या सांगण्यावर त्यांचा भरवसा नव्हताच. मी उशाला तीन गोधड्या ठेवल्या आणि दार लोटून घेतलं. सकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा मी चुलीपाशी होते. दोन गोधड्या घडी न मोडता तशाच माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"एकीत भागलं," म्हणाल्या. "पोरीला पुढच्या महिन्यात घेऊन जा. आता च्या टाक."

नातू झाला. त्या खोलीत शेक-शेगडी झाली, बाळाला न्हाऊमाखू घातलं. बाहेर निफाडकडचं गार वारं सुटायचं, पण भिंत हाताला कोरडी लागायची. तरी रोज सकाळी माझा तळहात तिथे जायचाच. लेक हसायची.

मी थंडीभर गोधड्या शिवल्या आणि लेकीचे पैसे थोडे थोडे देत राहिले. ती घ्यायची, पण घेताना माझ्याकडे बघायची नाही. त्यावरूनही मला शंका यायची, पण काय विचारावं ते कळत नव्हतं. सव्वा महिना झाला, विहीणबाई तिला न्यायला आल्या. मी शेवटचे पैसे लेकीच्या हातात द्यायला गेले तर तिने हात मागे घेतला.

"आई, हे मला नको. यांना दे." आणि सासूकडे बोट केलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विहीणबाई बाळाचं कुंचडं बांधत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "हंगामात माझ्या घरी बाळंतीण कुठं निजवू मी? मी देते म्हटलं असतं तर तुम्ही पैसे घेतले असते काय?"

"मग इतकं कशाला अडवलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या पैशाची भिंत. बघून नको घ्यायला?"

मी पैसे त्यांच्या पुढे धरले. त्यांनी बाळ लेकीकडे दिलं, बोट जिभेला लावलं आणि नोटा मोजल्या. मग उलट्या करून परत मोजल्या. एक नोट उजेडाला धरून बघितली. मग सगळ्या कमरेच्या पिशवीत घातल्या आणि नाडी आवळली.

"आधीचे पोचले. हे बी बरोबर हायेत," म्हणाल्या. "फिटले."