एक्स-रे कापते ती पोरगी

मी वर्गात इतकी कमी बोलते, की हजेरीला "येस सर" म्हटलं तरी पुढच्या बाकावरच्या मुली मागे वळून बघतात. पण न बोलणाऱ्या माणसाचा एक फायदा असतो. लोक त्याला मोजतच नाहीत आणि त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात. त्यामुळे घरातले, गल्लीतले, शाळेतले किस्से माझ्याकडे आपोआप जमा होतात. मी त्यासाठी काहीच करत नाही. मी खाली मान घालून साचे कापत असते.

साचे म्हणजे स्टेन्सिल. जुन्या एक्स-रेची फिल्म घ्यायची, तिच्यात ब्लेडनं नक्षी कापायची, मग ती भिंतीवर किंवा कापडावर ठेवून वरून स्पंजनं रंग टिपायचा. पुठ्ठा दोनदा ओला झाला की संपतो. एक्स-रे वर्षानुवर्षं टिकतो. आमच्या तिसगावात कोणाचंही हाड मोडलं, की त्याचा एक्स-रे शेवटी माझ्या गादीखाली येतो!

मला दहावीनंतर नगरला जाऊन चित्रकला शिकायची आहे. माझे पप्पा टेम्पोवर असतात, महिन्यातले वीस दिवस बाहेर. त्यामुळे घरात शब्द चालतो तो आप्पांचा, म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाचा. आणि आप्पांचा शब्द असा: "धाव्वी झाली की बास. कागदं कापून कुनाचं प्वाट भरतं व्हय?"

आप्पा बोलायला लागले की आई पदर सावरून भिंतीला टेकते आणि जमिनीकडे बघते. मला तर तोंडच फुटत नाही. म्हणून मी उत्तर देत नाही. कापत राहते.

*

सुरुवात आप्पांच्या गुडघ्यापासून झाली.

कपाटावर एक मोठी पिवळी पिशवी धूळ खात पडली होती. आत एक्स-रे. मला वाटलं जुना आहे, आता कोणाला लागतोय! मी त्यात मोर कापला. पिसारा चांगला पसरलेला, प्रत्येक पिसात एक डोळा. दिवाळीत दारात छापला. मग फिल्म धुऊन, पुसून परत पिशवीत ठेवून दिली. मी व्यवस्थित मुलगी आहे.

माघात आप्पांचा गुडघा पुन्हा दुखायला लागला. डॉक्टर म्हणाले, जुना एक्स-रे घेऊन या. आप्पा पिशवी काखेत मारून नगरला गेले. डॉक्टरांनी फिल्म काढून उजेडावर धरली आणि बराच वेळ धरूनच राहिले.

शेवटी म्हणाले, "आप्पा, दुखंल नाहीतर काय! गुडघ्यात मोर नाचतोय!"

आप्पा घरी आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले. "दुसरा एक्स-रे काढावा लागला मला! अक्कल गहाण टाकली का?"

मी मान खाली घातली. पण तेवढ्यात काकू, म्हणजे आप्पांची बायको, चुलीपाशी बसून हसायला लागली आणि तिला थांबताच येईना. त्या दिवसापासून काकू माझ्या बाजूची झाली.

*

काकूचा विश्वास मात्र मी लवकरच घालवला.

गौरी येतात तेव्हा दारापासून देवघरापर्यंत पावलं काढतात. काकू ती दरवर्षी हातानं काढते. मी म्हटलं, साचा करते, पटापट होतील. एक सुंदर पाऊल कापलं, बोटात जोडवीसुद्धा. ओट्यापासून आतपर्यंत बत्तीस पावलं छापली. उजवं पाऊल उमटवायला साचा पालथा घालायचा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

बत्तीसच्या बत्तीस पावलं डावी!

काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं बये! गौर काय लंगडी खेळत आली का?"

आता पुसावं लागणार म्हणून मी फडकं आणायला निघाले. तेवढ्यात दारातून माझी मैत्रीण साक्षी म्हणाली, "काकू, लंगडत का व्हयना, आली तर खरी! तुमच्या दोन्ही पायांच्या पाव्हन्या तर न्हाई येत!"

काकूनं पावलं पुसली नाहीत.

*

शाळेत चित्रकलेला शिक्षक नाहीत. खेळाचे सर तो तास घेतात आणि आम्हाला मैदानावर सोडतात. एकदा त्यांना परीक्षेसाठी बाकांवर नंबर टाकायचे होते. त्यांनी मला बोलावलं. मी शून्य ते नऊ इंग्रजी आकडे कापून दिले.

सरांनी आकडे उलटेसुलटे करून पाहिले. "हा आठ असा तुटका का? शून्यालाही मध्ये पट्टी का ठेवलीस? सफाई नाही कामात."

त्या पट्ट्यांना मी पूल म्हणते. पूल नसला तर शून्याच्या पोटातला तुकडा गळून पडतो आणि उरतं एक मोठं भोक. हे सगळं मी मनात नीट जुळवलं. पण ते माझ्या ओठांपर्यंत येईतो सरांनी कात्रीनं सगळे पूल कापून टाकले होते.

परीक्षेच्या दिवशी सहा, आठ, नऊ आणि शून्य या चौघांचं तोंड सारखंच. नुसते काळे गोळे! साठ नंबरच्या बाकासाठी चार मुलं भांडत होती. मागच्या ओळीत तर सगळे आपापल्या मित्राजवळ बसले आणि म्हणाले, "सर, हाच माझा नंबर!"

सर घामाघूम होऊन आले. "ए, ते पूल परत घाल बरं."

मी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलले. "सर, घातलेलेच होते!"

*

आता आप्पांचा बैल.

पोळ्याला आमच्याकडे बैलांच्या अंगावर रंगाचे ठिपके काढतात, वाटी बुडवून नाहीतर हाताचा पंजा उमटवून. मी गुलाबाचा साचा केला होता. गल्लीतल्या तीन बैलांवर गुलाब उमटले. चौथ्या बैलाचा मालक तर म्हणाला, "पोरी, माज्या सर्ज्याला गळ्यात हार घाल, लगीन असल्यागत दिसला पायजे!"

आप्पा म्हणाले, "माज्या बैलाला हात लावायचा न्हाई."

हात मी लावलाच नाही. स्पंज लावला.

आप्पा बैलाला नेहमी डाव्या अंगानं धरतात. म्हणून मी फक्त उजव्या अंगावर काम केलं. खांद्यापासून मागच्या मांडीपर्यंत वेल, वेलीला गुलाब, आणि वेलीच्या टोकाला एक चिमणी. बैल इतका शहाणा, की शेपटीसुद्धा हलवली नाही.

मिरवणूक निघाली. आप्पा डावीकडे दोरी धरून ताठ मानेनं चाललेले. उजवीकडची माणसं ओरडत होती, "आप्पा, लई भारी! नाद न्हाई करायचा!" आप्पांना वाटलं, कौतुक बैलाच्या तब्येतीचं आहे. ते प्रत्येक ओट्याकडे बघून टोपी नीट करत होते. कोणी तरी म्हणालं, "किती दिवस लागलं?" आप्पा म्हणाले, "दोन वरीस पेंड चारलीया!"

मारुतीपाशी बैल वळला तेव्हा त्यांना वेल दिसली.

त्यांनी टोपी पुन्हा एकदा नीट केली. आणि येताना बैलाच्या डावीकडूनच चालले, वेल लोकांना दिसत राहील अशी, तेही सगळ्यात लांबच्या रस्त्यानं.

*

काकूचं माहेर कोपरगावला. भाऊबीजेला तिनं भावजयीसाठी माझ्याकडून दोन उशांचे अभ्रे करून नेले. पांढरं कापड, त्यावर निळी जास्वंद. तिथे तिला काय सुचलं कोणास ठाऊक, तिनं सांगितलं, "नगरच्या दुकानातनं आनलेत."

भावजयीला इतके आवडले, की तिनं आणखी सहा मागितले. खोटं अंगाशी आलं म्हणून काकू परत आली ती तोंड पाडून.

साक्षीनं विचारलं, "दुकानाचं नाव न्हाई का इचारलं त्यांनी?"

"इचारलं की! म्या म्हनलं, नाव न्हाई ध्यानात. पन मालकीन कुनाशी एक शब्द बोलत न्हाई, येवढं ध्यानात हाय."

"मग?"

"मग वैनी म्हनल्या, येवढी मिजास! म्हंजे दुकान मोठंच असनार!"

*

यंदा मार्चमध्ये माझा दहावीचा शेवटचा पेपर झाला. त्यानंतरच्या रविवारी आप्पांनी मिरजगावचे पाहुणे बोलावले. मला बघायला. "लगीन अठरा झाल्यावरच," आप्पा म्हणाले, "पन ठरवून ठिवू. तंवर घरी ऱ्हाईल, स्वयपाक शिकंल. नगर-बिगर काय नको."

आदल्या दिवशी दुपारी मी चार एक्स-रे चिकटपट्टीनं जोडले आणि त्यात वीतभर उंचीची अक्षरं कापली. त्याचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. आप्पांच्या भिंतीवर छापावं असं मनात होतं. हिंमत झाली नाही. साचा गुंडाळून मी धान्याच्या कणगीमागे ठेवून दिला.

पाहुणे पांढऱ्या गाडीतून आले. रस्त्याचं काम चाललेलं, त्यामुळे गाडी मातकट झाली होती. मी चहा दिला आणि सतरंजीवर बसले. पाहुणीनं माझं नाव विचारलं, इयत्ता विचारली, भाकरी येते का विचारलं. मी मान हलवली.

"पोरगी बोलत न्हाई का?"

"गुनाची हाय," आप्पा म्हणाले. "तोंड वर करून बोलायची सवयच न्हाई आमच्यात."

"मग बरंच हाय की!" पाहुणी म्हणाली. "न बोलनारीच नांदती."

अर्धा तास गेला. पोह्यांच्या बशा काकूनं उचलल्या. आई शेळीला पाला टाकायला म्हणून गेली होती, ती अजून आली नव्हती. पाहुणे उठले, "कळवतो" म्हणाले, गाडीत बसले. गाडी आमच्या दारातून वळली आणि तिची मागची काच आमच्या समोर आली.

काचेवरची धूळ तेवढ्या अक्षरांपुरती स्वच्छ पुसलेली होती. आरपार दिसत होतं. अक्षरं माझी होती.

मला शिकायचंय.

गाडी हायवेला लागली. पुढे मिरजगावपर्यंत सगळा रस्ता पडला होता. समोरच्या किराणा दुकानातली माणसं बाहेर येऊन मोठ्यानं वाचत होती.

आप्पा गर्रकन माझ्याकडे वळले. पण मी तर सगळा वेळ त्यांच्यासमोर सतरंजीवर बसले होते. त्यांनाही ते आठवलं असावं.

"कुनी केलं ह्ये?"

आई नळापाशी उभी होती, कणगीमागचा माझा साचा काखेत धरून. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत धुळीनं माखले होते. डोक्यावरचा पदर खाली घसरला होता आणि तिनं तो वर घेतला नाही.

"कापलंय तिनं," ती आप्पांकडे बघून म्हणाली. "पुसलंय म्या."