रबरावर ठेवलेला डबा

"बिडीच ओढली असणार," शेठ म्हणाले. "रिपोर्टमध्ये तसंच लिहा."

जळालेल्या मिक्सिंग रूमच्या दारात आम्ही उभे होतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. डहाणूच्या त्या फुग्यांच्या कारखान्यात मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. रबर पेट्रोलमध्ये विरघळवायचं आणि त्यात साचे बुडवायचे, अशी आमची पद्धत. ड्रममधून डब्यात पेट्रोल काढताना भडका उडाला आणि जान्या गेला. आशागडच्या पाड्यावरचा, नुकतंच लग्न झालेला.

त्याचा बाप लखमा आमचा जुना कामगार. पोरगा गेला तो गेलाच, वर हा ठपका. सुनेच्या माहेरचे, तलासरीकडचे लोक तोंडावर बोलले, बिडीपायी आमच्या पोरीला उघड्यावर टाकलं.

लखमा माझ्याकडे आला. "सायब, माझा पोर आत कधी बिडी नाय वढला. तुमी शोधा."

शेठना न विचारता मी शोधलं. बिडी-काडी गेटवर ठेवूनच आत जायचं असा शिरस्ता होता. जान्याची तिथंच होती. वायरिंग शाबूत होतं. मग डब्याच्या बुडाला चिकटलेलं काळं रबर दिसलं आणि उलगडा झाला.

लखमाला समजावायला मी दोन फुगे दोऱ्याने शेजारी टांगले आणि डोक्यावर घासले. ते एकमेकांपासून लांब झाले. एक भिंतीजवळ नेला, तर चिकटला. म्हटलं, घासलं की वीज साचते, तीच ही ओढाताण करते. तिला आम्ही स्टॅटिक म्हणतो. पेट्रोलची धारही वाहताना घासते, वीज डब्यात साचते. डब्यापासून जमिनीत तार सोडली की ती उतरून जाते, त्याला अर्थिंग म्हणतात. आपल्याकडे तार नव्हती. डबा नुसता ओलसर फरशीवर असता तरी बरीच वीज निघून गेली असती. पण तो रबराच्या तुकड्यावर ठेवला होता आणि रबर तिला वाट देत नाही. त्यात थंडीतला कोरडा वारा, तशा हवेत ती जास्तच साचते. जान्या अनवाणी उभा, म्हणजे विजेला जमिनीत जायला त्याच्या अंगातून वाट; त्याचा हात डब्याजवळ गेला आणि ठिणगी पडली.

"म्हंजे बिडी नाय?"

"नाही. तसं लिहून देतो."

त्याने हात जोडले. मग डब्याच्या बुडाच्या रबरावर बोट ठेवलं.

"डब्याचा पत्रा फरशीवर घासून ठिणगी नको, म्हणून रबर टाकायला मीच शिकवलं त्याला."

तार लावणं कारखान्याचं काम होतं, तुझा दोष नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो मान हलवत होता, पण त्याच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

शेठनी हुज्जत घातली, पण रिपोर्ट मी लिहिला तसाच गेला. ड्रमला, डब्यांना तारा लागल्या. तलासरीची माणसं येऊन लखमाची माफी मागून गेली. त्याने ती ऐकून घेतली. रबराचं त्याने घरी कुणालाही सांगितलं नाही.

कारण न सांगता माणसांना धोक्याच्या कामाला जुंपलं, की ती आपल्या अकलेने काळजी घेतात आणि तीच काळजी आपल्या पोरांना शिकवतात.