कोरडी गादी

पाऊस आपल्या एकट्याच्याच मागावर आहे, अशी खात्री बाळगून जगणारा माणूस गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवे म्हणतात, म्हणून मीही भाटवेच म्हणते. त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू कशाच्या ना कशाच्या आत असते. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कापडाच्या थैलीत, थैली टीव्हीच्या कव्हराखाली. चॅनल बदलायचा तर निदान पाच मिनिटं आधी विचार पक्का करावा लागतो. त्यांनी छत्रीलाही खोळ शिवून घेतली आहे. तिची नाडी अशी आवळलेली असते की ती सुटेपर्यंत सर येऊन निघूनही जाते, भाटवे भिजतात आणि छत्री कोरडी राहते. एकदा त्यांनी रेशनकार्ड लॅमिनेट करून आणलं. दुकानदाराने पेन चार वेळा फिरवून पाहिलं, काही उमटेना. "भाऊ, आता लिवू कुठी?" त्याने विचारलं. भाटवे म्हणाले, "ते तुमचं पाहा. कार्ड खराब होणार नाई, येवढं माह्याकडे लागलं."

तीस वर्षं त्यांनी एस.टी. चालवली. निवृत्तीनंतर माणसाची नोकरी सुटते, भाटव्यांची नुसती गाडी सुटली. ते अजूनही घरातून ठरल्या मिनिटाला निघतात, मग बाहेर काही काम असो वा नसो. शिवाय डबल बेल वाजल्याशिवाय त्यांचं कोणतंही काम सुरू होत नाही. कंडक्टरने दोनदा घंटी दिली की गाडी हलवायची, ही सवय इतकी हाडात मुरलेली की चहाचा कप हातात घेऊन ते नुसते बसून राहतात. बहीण स्वयंपाकघरातून चमच्याने दोनदा ओटा वाजवते, मग पहिला घोट जातो. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

असा माणूस निवृत्तीनंतर पिकअप घेतो, तेव्हा घरच्यांनी काळजी करावी हे बरोबर. गाडी दारात आली, नारळ फुटला आणि ती तिथेच उभी राहिली. भाडी यायला लागली, भाटवे सगळ्यांना परत पाठवू लागले. "डाला उघडा हाये. उघड्या डाल्यात लोकाचा माल मी भरत नाई," हे त्यांचं उत्तर. डाला म्हणजे गाडीचा मागचा, माल भरायचा हौदा. माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. ताडपत्री या विषयावर दोन तालुक्यांतले लोक मला विचारून जातात. मी त्यांना म्हटलं, चार कडीची चांगली ताडपत्री घ्या, दोरी घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांनी माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. ते सगळ्यांचंच पूर्ण ऐकून घेतात.

मग सुरू झालं ते कव्हर. आधी डाल्यावर पाइपाच्या पाच कमानी. त्यांवर कॅनव्हास, कॅनव्हासवर जाड काळी ताडपत्री, कडेला रबरी पट्टी आणि पट्टी दाबून धरायला चाळीस क्लिपा. मिस्त्रीकडे सहा आठवडे हे चाललं. भाटवे रोज सकाळी टेप घेऊन जात आणि कालचंच माप पुन्हा घेत. शेवटी त्यांनी डाल्याच्या तळाची पाणी जायची भोकंही लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवायला लावली, का तर चाकाचं पाणी खालून उडतं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, पाणी जायाले जागा ठेवा थोडी."

"पाणी येईनच कुठून, का त्याले जाऊ द्याव?" भाटवे म्हणाले. मिस्त्रीने लांबी भरली. गिऱ्हाइकाशी वाद किती घालायचा, हे त्यालाही कळतं.

कव्हराची परीक्षा अंगणात झाली. भाटवे टॉर्च घेऊन आत शिरले, बहिणीने बाहेरून चाळीस क्लिपा लावल्या आणि नळाची नळी धरून वीस मिनिटं पाणी मारलं. क्लिपा काढल्यावर ते बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत ओले. "एक थेंब आला नाई," ते म्हणाले. खरंच आला नव्हता. तो सगळा घाम होता.

बहीण मात्र हसली नाही. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोळ्याच्या आंधी गाडीनं एक तरी फेरा धड मारला तर ठीक, नाई तर देऊन टाकते मी. मोहर्लीकडच्या रिसॉर्टवाल्याचा माणूस दोनदा पाहून गेला. त्याले भाजी आणाले पायजे." माझी बहीण बोलते ते करते. भाटव्यांनाही हे ठाऊक होतं. त्या दिवसापासून ते गाडीच्या आसपास जरा जास्तच घुटमळू लागले, एखाद्याला पाहुण्यांची जायची वेळ कळल्यावर तो घुटमळतो तसे.

त्याच सुमारास माझ्या मुलीला चंद्रपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. होस्टेलवर न्यायचं सामान म्हणजे गादी, पेटी, टेबलफॅन, बादली, पुस्तकांचे दोन खोके. मी म्हटलं, बसने नेऊ. भाटवे म्हणाले, "मी नेतो. पोरीची गादी भिजू देत नाई." मग थोडं थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्यी भिजली होती, बाई."

मी विसरूनही गेले होते. अठराव्या वर्षी मी डी.एड.ला चंद्रपूरला निघाले, तेव्हा गाडीवर हेच होते, बहिणीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माझी गादी टपावर चढवली. मी ताडपत्रीचं विचारलं तर हे म्हणाले होते, "आभाळ साफ हाये. कायले पायजे?" सावली हे गाव सोडल्यावर पावसाने गाठलं. पहिले चार दिवस मी रद्दीवर झोपले. पुढे डी.एड. पूर्ण केलं, नोकरी लागली नाही, पण त्यात गादीचा काही दोष नव्हता. मी तो विषय पुन्हा कधी काढला नव्हता. त्यांनी मात्र तो इतकी वर्षं एकात एक किती पिशव्या घालून जपून ठेवला होता कोण जाणे.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळावी असं मी सुचवलं. भाटवे दुखावले. "मंग कव्हर कायले बसवलं?" गादी उघडीच तळाशी अंथरली गेली. कॅबिनमध्ये भाटवे, मधे मुलगी, खिडकीशी मी. कव्हरामुळे मागचं काही दिसत नाही म्हणून त्यांनी टपाला एक घंटी लावली होती. खिडकीतून मागे बघून वाजवायची म्हणून तिची दोरी माझ्या हातात दिली. मी दोनदा ओढली, गाडी हलली. वैनगंगेचा पूल ओलांडला आणि पावसाने सुरुवात केली. समोरचं झाड दिसेना. भाटव्यांच्या तोंडावर मी इतकं समाधान पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "येऊ दे," ते म्हणाले.

सावलीच्या पुढे एका थांब्याच्या शेडमध्ये एक म्हातारी बाई उभी होती. तिने हात दाखवला आणि भाटव्यांनी ब्रेक दाबला.

मी म्हटलं, "भाटवे, ही एस.टी. नाही."

"थांबा तं हाये ना," ते म्हणाले.

बाईजवळ फडकं बांधलेला भलामोठा हंडा होता. ती मूल गावच्या बाजाराला वास्ते घेऊन चालली होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, कडूपणा जावा म्हणून किसून पाण्यात भिजत घातलेले. कॅबिनमध्ये बाई कशीबशी माझ्या शेजारी मावली, हंडा मावेना. भाटव्यांनी पावसात उतरून मागच्या आठ क्लिपा काढल्या, हंडा गादीशेजारी ठेवला आणि आठ क्लिपा परत लावल्या. बाई म्हणाली, "येवढं काऊन झाकून राह्यले भाऊ? वास्ते तं भिजलेलेच हायेत."

"आतलं सामान कोरडं हाये, माय," भाटवे अभिमानाने म्हणाले.

मूलपर्यंत सात गतिरोधक लागले. एस.टी.च्या सवयीने त्यांनी एकालाही फारसा मान दिला नाही. मूलला बाईचा हंडा काढायला कव्हर उघडलं तेव्हा तो आडवा होता. वास्ते फडक्यातच होते, पाणी तेवढं नव्हतं. बाईने विचारलं, "पाणी कुठी गेलं?"

पाणी कुठेच गेलं नव्हतं. जायला जागाच नव्हती. डाल्याचा तळ रोवण्याला पाणी साठवलेल्या धानाच्या बांधीसारखा भरला होता, आणि गादीने प्यायचं तेवढं पिऊन घेतलं होतं. वरून धो धो पाऊस पडत होता आणि त्याचा एक थेंब आत नव्हता. वास मात्र असा होता की बाजारातली कुत्री दोन पावलं मागे सरली.

भाटवे नुसते उभे राहिले, पावसात, छत्री खोळीसकट काखेत धरून. म्हातारीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा गादीकडे. "वाळते वं बाई गादी. ऊन पडलं का वाळते," ती म्हणाली आणि भाड्यापोटी चार मुठी वास्ते पुडीत बांधून माझ्या हातात ठेवले. तिला वाटलं असावं, गाडीचा कारभार माझ्याकडे आहे.

होस्टेलवर पोचलो तोवर आभाळ उघडलं होतं. मुलीने आणि मी गादी काढून पिळली, जितकी गादी पिळता येते तितकी. मुलगी भाटव्यांना म्हणाली, "मोठेबाबा, नवी घेऊ आपण. ही तशीही टोचत होती." ती माझ्यावर गेलेली नाही; मला तेव्हा असं काही सुचलं नव्हतं.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. भाटवे दोन हात अंतरावर उभे होते आणि ऐकत नसल्यासारखं करत होते. ती सरळ म्हणाली, "खरं सांग. भिजलं का काई?"

मी गादीकडे पाहिलं. तिच्याखाली होस्टेलच्या फरशीवर ओघळ चालला होता. "वरून एक थेंब आला नाही," मी म्हटलं. "इतका पाऊस लागला, पण कव्हरातून एक थेंब नाही."

"मंग राहू दे म्हणते गाडी," ती म्हणाली. "रिसॉर्टवाल्याले भाजी आणाले दुसरी भेटन."

परतीला मुलगी नव्हती, सामान नव्हतं. भाटवे गाडीत बसले, किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. ते समोर बघत बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, सरळ पाठ करून. डोळे मात्र कोरडे नव्हते. तीन-चार मिनिटं गेली असतील. होस्टेलचा वॉचमन आमच्याकडे पाहू लागला. मग माझ्या लक्षात आलं. दोरी माझ्याच हाताशी लोंबत होती.

मी ती दोनदा ओढली.