मान मोडायची रीत

आमच्या पेशींच्या प्रयोगशाळेत उंदराला गुंगीचं औषध देत नसत. त्यानं पेशी बिघडतात, असं सर म्हणत. अंगठा नि बोट मानेमागे रोवायचं, दुसऱ्या हातानं शेपटी झटक्यात ओढायची, की मान मोडलीच. सरांनीच शिकवलं मला.

मे महिन्यात एकदा बर्फ उशिरा आला आणि काढून ठेवलेल्या यकृताचा उकाड्यानं सत्यानाश झाला. सरांनी म्हाताऱ्या शिपायाच्या कानाखाली वाजवली.

"बरफाच्या कारखान्याची लाइट गेली होती जी," तो कळवळला.

सरांनी पुन्हा हात उगारला. माझं डोकंच फिरलं. मी मागून त्यांची मान धरली. अंगठा नि बोट आपसूक जागेवर बसले.

उंदीर तरी तडफडतो. सर जागचे हललेसुद्धा नाहीत. पुढचा झटका त्यांना ठाऊक होता.