दोघांच्या आकड्यांतला फरक

मिलिंदजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंदूरच्या पलासिया चौकात सिग्नलला स्कूटरवर होते. त्यांची बहीण रडत सांगत होती, मागून हॉर्नांचा नुसता गोंगाट, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो पण, रविवारी मोजणी आहे ना!" अजून आठवलं की जीव कसानुसा होतो…

मिलिंदजी जवळच्याच महू छावणीतले, आजोबा फौजेत होते. माझ्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी साताऱ्याहून इंदूरला शिकवायला आले, त्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला शहराबाहेरच्या तलावावर पक्षी मोजायला नेलं. बांधाच्या एका टोकाला ते, दुसऱ्याला मी. तेच पक्षी दोघांनी वेगवेगळे मोजायचे. बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत. मग बांधाखालच्या पोह्यांच्या ठेल्यावर आकडे उघड करायचे. दोघांत जितका फरक, तितका मोजणीवरचा भरवसा कमी. एकदा आमचे आकडे तंतोतंत जुळले. मी हरखले, आणि हे गृहस्थ पोहे तसेच ठेवून उठले. "ऐसे कैसे जुळले भिया? काहीतरी गडबड आहे." इंदुरी 'भिया', म्हणजे भैया, ते मलाही लावायचे. बुटांसकट चिखलात उतरून बेशरमाच्या झुडपांमागे गेले, तर तिथे बदकांचा अख्खा थवा निवांत बसलेला! कुठल्याच टोकावरून दिसत नव्हता. "मॅडमजी, दोघं एकसारखे आंधळे निघालो," म्हणत इतके हसले, की मला रागच आला.

या वर्षी मोजणी एकटीने केली. तलावाच्या काठाने रस्ता काढायचा की नाही, ते याच अहवालावर ठरणार. पण एकटीच्या मोजणीत चूक किती, हे कळणार कसं? म्हणून आकडा 'इतके ते इतके' असाच लिहिला, आणि दोन्हींमधलं अंतर पूर्वीपेक्षा बरंच जास्त ठेवलं. अहवाल मागवणारे सरकारी साहेब वैतागले. "मॅडम, एक आकडा बोलो ना! आपको खुद पक्का नहीं मालूम?"

"नाही मालूम," मी म्हटलं, "तेच तर लिहिलंय."

खरं सांगते, अहवाल देऊन आले आणि धास्तावले. साहेबांनी त्यातला खालचा आकडा उचलून रस्ता मंजूर केला तर? वरचाच ठोकून दिला असता तर तलाव वाचला असता का? रात्रंदिवस हेच डोक्यात… मिलिंदजींवर चिडते मी. असं अर्ध्यावर टाकून जातं का कोणी? अजूनही रविवारी तलावावर जाते. मोजून झालं की मान आपोआप पलीकडच्या टोकाकडे वळते. तिथून कोणीतरी ओरडावं, "मॅडमजी, गलत है!" एवढंच हवं असतं.