खांद्यावरची पेटी

आई रत्नागिरीच्या दवाखान्यात होती, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान दिवसभर वॉर्डात असत. जयगडचे, आयुष्य बोटीवर काढलेले, आवाज दणदणीत. आंब्याचा हंगाम होता. जो तो डॉक्टरांसाठी पेटी आणी आणि मागच्या जिन्याच्या दारात ठेवी, कारण तिथे गारवा होता. हे गृहस्थ रोज त्या पेट्या उचलून थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये रचत. डॉक्टर वैतागले, तर हे म्हणाले, "बोटीवर आग लागली तर उडी मारायला दर्या तरी असतो. इथे हा जिनाच!"

एका दुपारी वॉर्डातल्या एसीने पेट घेतला. पुढचा रस्ता धुराने भरला, पण मागचं दार मोकळं होतं. दारात उभे राहून ते ओरडत होते, "चला, ढकलू नका!" कुणी खुर्चीत, कुणी चादरीत, सगळे पेशंट सुखरूप अंगणात उतरले. माझी आईसुद्धा.

त्यांच्या बायकोला दवाखान्यातून घरी सोडलं, त्या दिवशी डॉक्टरांनी त्याच दारात त्यांना आंब्याची पेटी दिली. आम्ही सगळे भोवती जमलो, कुणी पाया पडलं, गप्पा लांबल्या. घामाने सदरा भिजला, तरी पेटी त्यांच्या खांद्यावरच होती. ती त्यांनी दारात टेकवली नाही.