लाऊंजचा पास आणि भाच्याचा डबा

खोट्या सह्या पकडण्यात शाळेत माझा हात कुणी धरत नाही. प्रगतिपुस्तकावर बापाची सही पोराने केली असेल तर मला ती वही हातात येण्याआधीच पोराच्या तोंडावर दिसते. जुन्नरला शिकवायला लागून मला वीसेक वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत माझ्या नजरेतून फार कमी कागद सुटले. तीच मी विमानतळावरच्या लाऊंजचा पास ऑनलाइन घेताना अशी आपटले की आठवलं तरी अजून कान तापतात. पण ही रागाची गोष्ट नाही. ज्या माणसावर मी चिडायचं, त्याचेच उपकार माझ्या डोक्यावर आहेत.

माझी नणंद दुबईला असते. तिच्या बाळंतपणाला सासूबाई निघाल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, तर आत्या पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या आणि त्याही एकट्या. नवरा आमच्या गावी, लोणीला, शेतावर कांदा काढणीत अडकलेला, म्हणून मुंबईपर्यंत सोडायला मी जाणार होते. विमान दुपारी साडेचारला होतं. घाटात कधी काय आडवं येईल याचा नेम नाही, म्हणून पहाटेच निघायचं ठरलं. म्हणजे तिथे चार-पाच तास नुसतं बसून काढायचे. आत्यांचे गुडघे गेलेले, शिवाय त्यांना साखरेचा आजार. दुपारच्या जेवणाआधी इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची आणि लगेच जेवायचं, हा नियम चुकवून चालत नाही.

लाऊंजबद्दल मला शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं होतं. विमानतळाच्या आतच गाद्यांच्या खुर्च्या, गरम जेवण, पाहिजे तितका वेळ बसा. मी फोनवरच्या एका खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर शोधलं, तर एक जण असे पास निम्म्याहून कमी भावात विकत होता. त्याने पासाचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. स्पेलिंग बरोबर, मुदत शिल्लक, शिक्का जागेवर. तरी खात्री पटेना, म्हणून सरळ फोन लावला.

पहिल्याच वाक्याला त्याच्या बोलण्यात आपल्याकडचा सूर ऐकू आला आणि मी पास सोडून गाव विचारायला लागले. तो विमानतळावरच कामाला होता, चालता न येणाऱ्या प्रवाशांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायचा. गाव मंचरच्या पलीकडचं. आजोळ कुठलं, म्हटलं, तर लोणी! मी फोन आत्यांच्या हातात दिला. त्यांनी घर कुठलं ते विचारलं. तो म्हणाला, मारुतीच्या देवळामागचं, चिंचेखालचं. आत्यांचा चेहरा उजळला. त्या घरातली लेक त्यांच्याबरोबर कांद्याच्या लागणीला जायची आणि तिला मंचरच्या पलीकडेच दिली होती. तिचाच हा मुलगा. मग तिची चौकशी झाली. ती जाऊन सहा वर्षं झाली, मामा पुण्याला गेले, घराला कुलूप आहे, असं त्याने सांगितलं. आत्या फोन माझ्याकडे देत म्हणाल्या, "आपल्या गावचा भाचा हाय. घे त्याच्याकडून."

आमच्या भागात भाचा म्हणजे मानाचा माणूस. लेकीचं पोर ते साऱ्या गावाचं, असं धरतात. आजोळच्या माणसाला तो फसवील हे कुणाच्या मनातही येत नाही. त्याची सगळी कुळकथा आम्ही तपासली, पण पास कुणाच्या नावावर निघालाय हे विचारायचं दोघींनाही सुचलं नाही.

निघायच्या दिवशी आत्यांनी फडक्यात बाजरीच्या दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा बांधला होता. ते गाठोडं मीच पिशवीतून काढून ओट्यावर ठेवलं. वर ऐकवलंही, "तिथं पंचवीस पदार्थ मांडलेले असतात आणि तुम्ही भाकरीचं फडकं सोडून बसणार का?" आत्यांनी पिशवी बंद केली. सुनेला जगाची माहिती आहे, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तेच वाटत होतं.

विमानतळाच्या दारातून आत फक्त तिकीटवाल्याला सोडतात. मी बाहेर कठड्याशी थांबले आणि फोनवरून त्यांना एकेक टप्पा सांगत राहिले. बॅग दिली, तपासणी झाली, आत पोचल्या. सव्वाबाराला मी म्हटलं, आता सुई टोचा आणि सरळ लाऊंजमध्ये जेवायला जा. त्यांनी बाथरूममध्ये जाऊन सुई टोचून घेतली आणि विचारत विचारत दारापर्यंत गेल्या. पाचच मिनिटांत फोन आला.

"बाई, ह्या मला आत घेईनात."

मग तिथल्या मुलीने फोन घेतला. ती आवाज न चढवता बोलत होती. पास खरा आहे, म्हणाली, पण ज्याच्या नावावर दिला त्यालाच चालतो, दुसऱ्याला नाही. मी वाद घातला, विनवणी केली, शेवटी पैसे भरून तरी आत घ्या म्हटलं, तर आत जागाच नव्हती. मी आत्यांना सांगितलं, समोर जे दुकान दिसेल तिथून काहीही घ्या आणि खा. त्या म्हणाल्या, तिथं रांग लई हाय आणि मला घाम सुटलाय, मी जरा बसते.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही.

सुई टोचून पोटात काही गेलं नाही की काय होतं ते मी घरात दोनदा पाहिलं होतं. डोळे फिरतात, बोलणं अडखळतं, मग माणूस आडवा होतो. दोन्ही वेळा गुळाच्या खड्याने भागलं होतं, आणि तो खडा मी ओट्यावर ठेवून आले होते. दारावरच्या जवानाला मी हात जोडले. तो भला होता, त्याने विमान कंपनीच्या माणसाला निरोप दिला. पण आत हजारो माणसं, त्यात एक म्हातारी कुठे शोधणार? मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की नवऱ्याच्या आईला मी माझ्या हाताने उपाशी आत पाठवलं.

त्या पासवाल्याला फोन लावला तो शिव्या घालायला. त्याने उचलला आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं. "तुमच्या लोणीच्या मामी आत उपाशी बसल्यात हो. सुई टोचलीय त्यांनी."

पासाचं काय झालं, हे त्याने विचारलंच नाही. "लुगडं कोणतं हाय?" एवढंच विचारलं.

"हिरवं. नऊवारी."

"आलो," म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढची वीस मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. देवाला काय काय कबूल केलं त्यातलं निम्मं आता आठवत नाही, तेव्हा ते फेडायचंही राहिलंय. मग आत्यांच्या फोनवरून फोन आला आणि पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला. सापडल्या, म्हणाला, खांबाला टेकून बसल्या व्हत्या. आधी चार चमचे साखर घालून चहा पाजला, आता माझा डबा खात्यात. पाठोपाठ आत्यांचा आवाज आला. "मेथीची भाजी हाय. जरा मीठ कमी पडलंय."

मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. भाजीत मीठ कमी असल्याचं ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

त्याने आत्यांना खुर्चीत बसवून थेट विमानाच्या दारापर्यंत नेलं. संध्याकाळी मला फोन केला आणि स्वतःहून सगळं सांगितलं. मोठे प्रवासी खूश होऊन त्याला आपले पास देऊन जातात, ते तो विकायचा. काही चालायचे, काही नाही. "तुमाला आधी सांगायला पायजे व्हतं, ताई. गिऱ्हाईक जाईल म्हणून बोललो न्हाई." पैसे त्याने बोलता बोलताच परत पाठवले होते. मी त्याला ऐकवायचे ते चार शब्द ऐकवले, शिक्षिका आहे मी, ते टळणार नव्हतं. आणि मग आभार मानले. दोन्ही मनापासून होतं. पास विकणं त्याने त्या दिवसापासून सोडलं, असं तो म्हणाला. मी विश्वास ठेवला.

गडबडीत त्याचा दोन पुडांचा स्टीलचा डबा आत्यांबरोबर दुबईला गेला. तिथे तो तीन महिने नणंदेच्या ओट्यावर राहिला. नातवाच्या बारशाच्या घुगऱ्यासुद्धा त्यातूनच शेजारी गेल्या म्हणे. इकडे त्याची बायको त्याला श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यातून जेवण देत होती. मी म्हटलं, नवा घेऊन पाठवते, तर नको म्हणाला, मामींच्या हातून जुनाच येऊ द्या.

आत्या परत आल्या आणि दुसऱ्याच दिवशी डब्याचं काढलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, भरून देते आणि कुरिअर करते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोललेच नाही. त्यांनी त्याला फोन करून लोणीला बोलावलं, बायको-मुलांसकट.

रविवारी ते आले. आत्यांनी पहाटे उठून पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, डब्याच्या खालच्या पुडात पोळ्या आणि वरच्यात बाजरीची भाकरी, चटणी, गुळाचा खडा. चाळिशीचा माणूस, पण येताना आधी मारुतीच्या देवळामागे जाऊन ते कुलूप बघून आला होता. डोळे लाल होते. आमच्या दारात आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्या पासाची लाज अजून त्याच्या अंगावर होती, हे मलाही दिसत होतं.

आत्या डबा दोन्ही हातांत धरून बाहेर आल्या. त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "आत ये की. हितं कोण पास मागतंय तुला?"

तो वाकून त्यांच्या पाया पडला आणि चपला काढून आत आला.